दोन हात, अनेक आवाज

कल्याण-डोंबिवलीकडील तरुण वादक लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले. रविवारच्या मिस्सेला आमच्याकडे कीबोर्डवर बहुधा एकच जण उरतो. संगणकातील संगीतप्रणालीने त्याला जणू एक साथीदार दिला.

१९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मधल्या ‘सी’चा ६०. ५९ पर्यंत बास, ६० पासून ऑर्गन, अशी वाटणी केली की झाली स्प्लिट. त्याच पट्ट्यांवर दोन आवाज एकत्र चढविले की लेअर. (पेटीच्या कपलरवर वाढलेल्यांना यात नवल वाटू नये.)

खरी अडचण आमच्या वयस्क भगिनींची. त्या खालच्या सुरात गातात. चाल साठाखाली उतरताच ऐन ओळीत बास घुमू लागतो आणि त्या गप्प होतात. सीमा ५३ वर आणली की चाल ऑर्गनवरच राहते. व्हायोलिनांचा थर तर निम्म्याहून कमीच ठेवावा, असे आमचे ठाम मत आहे. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने पाइप ऑर्गनचा गौरव केला, तसाच भाविकांच्या सक्रिय सहभागाचाही आग्रह धरला. मग समूहाचा कंठ झाकणारी श्रीमंती कोणासाठी?

उपवासकाळात वाद्ये गायनाच्या आधारापुरतीच वाजवायची असतात. त्या रविवारी थर बंद, नुसता ऑर्गन. मागच्या बाकांवरील म्हाताऱ्या आवाजांतले शब्दही तेव्हा वेदीपर्यंत पोहोचतात.