उतारावरचं गाव

१
ओरेगॉन राज्यातलं ओकरिज. वस्ती तीन हजारांच्या आसपास, चहूकडे विलामेट राष्ट्रीय वन. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांपैकी सगळ्यात जास्त लाकूड वर्षानुवर्षं इथूनच निघायचं. आता गाव स्वतःला वायव्येची माउंटन बायकिंग राजधानी म्हणवतं. पदवी कुणी दिली, विचारू नये.

२
१९९० साली इथल्या रानातल्या ठिपकेवाल्या घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं, १९९४च्या वन आराखड्याने सरकारी जंगलातली तोड आणखी आवळली. लाकडाच्या गिरण्या गेल्या त्याच्या शिव्या त्या भागात अजून घुबडालाच. शेजारच्या वेस्टफरची गिरणी मात्र घुबडाआधीच बंद पडलेली.

३
त्या घुबडाला आता पूर्वेकडून आलेलं, अंगाने थोराड असं दुसरं घुबड हुसकावतंय. २०२४मध्ये केंद्र सरकारने ठरवलं : तीस वर्षांत साडेचार लाखांपर्यंत उपरी घुबडं गोळ्या घालून मारायची.

४
वेस्टफरचा छपराचा पूल. १९४४चा, १८० फूट लांब. एका काठाला गिरणी, दुसऱ्या काठाला ऑफिस. मधून ओंडक्यांचे ट्रक जायचे. चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी वाट, तिलाही छप्पर. ऑफिसचं पुढे लॉज झालं.

५
चढ व्हॅनने, उतार सायकलने. सायकली मागच्या ट्रेलरवर टांगलेल्या. रस्ता ओंडक्यांच्या ट्रकांसाठी कापलेला, म्हणून रुंद आणि वळणांना ऐसपैस. माथ्यावर मंडळी गुडघ्यांची पॅड बांधतात, हँडलवरचं बटण दाबून सीट खाली घेतात आणि डग्लस फरच्या सावलीत दिसेनाशी होतात. अल्पाइन ट्रेल त्यांना वेस्टफरपाशी आणून सोडते. भाडं देऊन चढायचं आणि घाम उतारावर गाळायचा, हा व्यवहार मला अजून पचलेला नाही.

६
गिरणीचा पगार नेमाने यायचा. सायकलवाले शनिवारी येतात.

७
ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही. पिझ्झा, बिअर, नवी ट्यूब : दुकानदाराचा गल्ला भरतो, गावाच्या तिजोरीत त्यातला कर शून्य. खोली घेतली तर मुक्कामाचा कर लागतो. युजीन शहर ६५ किलोमीटरवर. जेवायला घरी पोचता येतं.

८
१९०८पासून राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा परगण्यांच्या शाळांना आणि रस्त्यांना. झाड पडलं की शाळेला पैसे. तोड घटल्यावर, २००० साली, भरपाईचा कायदा करावा लागला. सायकलवाला कितीही वेळा पडला तरी शाळेला काही मिळत नाही.

९
हिवाळ्यात वाटांवर आडवी पडलेली झाडं स्वयंसेवक चेनसॉने कापून काढतात. बिनपगारी.

१०
पलीकडे वॉल्डो लेकचं राखीव रान. १९६४च्या कायद्यानुसार तिथे चेनसॉला बंदी. सायकललाही.

११
ऑगस्ट २०२२ : वीज पडून सीडर क्रीकचा वणवा. सप्टेंबरात ओकरिज आणि वेस्टफरच्या लोकांना घरं सोडावी लागली. जळालेलं रान सव्वा लाख एकरांवर. सायकलींचा हंगाम आणि धुराचा हंगाम एकच.

१२
गावातल्या पबचं नाव होतं ब्रुअर्स युनियन लोकल १८०, अगदी कामगार संघटनेच्या शाखेसारखं. पुढे नाव बदललं. युनियन गेली, तीन पायांचा क्रौंच आला.