पाऊणकीचा पाढा आणि समुद्राची भरती



आमचं फुलपाडा विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराजवळ. इथून अर्नाळ्याचा किनारा फार लांब नाही. तरी माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना समुद्राबद्दल घरून एकच गोष्ट शिकवलेली असते : "पाण्याजवळ जायचं नाही." पावसाळ्यात कुणी ना कुणी बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे पालकांची काळजी मला पटते. पण हीच मुलं मोठी होऊन मित्रांबरोबर गुपचूप किनाऱ्यावर जातात, तेव्हा नुसती मनाई त्यांच्या कामाला येत नाही. तेव्हा लागते माहिती.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी, माझे मिस्टर आणि पाचवीतली लेक गाडीने निघालो. जायचं होतं कर्नाटकात मंगळूरच्या अलीकडे, मुळकीला. तिथे सर्फिंग शिकवतात. फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचं, असा हा खेळ. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला. लेकीने मोबाईलवर पाहिला आणि हट्टच धरला.

आम्ही मुद्दाम किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. या वाटेवर खाड्या आडव्या येतात आणि गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं : आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. आगरदांड्याच्या धक्क्यावर थांबलो असताना लेकीने एका वयस्कर खलाशाला विचारलं, "काका, भरती कधी येणार?"

ते म्हणाले, "आज तिथी कुठली?"

"तृतीया," मी सांगितलं.

"मग तीन पाऊण किती?"

"सव्वादोन."

"झालं तर! सव्वादोनच्या सुमाराला पाणी पुरं भरणार."

मी बघतच राहिले. पाऊणकी आजोबांच्या तोंडून ऐकलेली. पण ती समुद्रावर चालते हे ठाऊक नव्हतं. लेकीने वहीत मांडलं : 3 × ¾ = 9/4, म्हणजे सव्वादोन. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज जवळपास पाऊण तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हा ठोकताळा आहे, जागेप्रमाणे वेळ मागेपुढे होते. पण अंदाज पक्का येतो.

मुळकीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी होती. मला वाटलं, लगेच फळी हातात देतील. पण शिकवणाऱ्या दादाने आधी सगळ्यांना वाळूत बसवलं आणि विचारलं, "पोहायचं झालं तर कुठे उतराल?" लेकीने बोट दाखवलं. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या, मध्ये एक शांत पट्टा होता. तिला तीच जागा बरी वाटली, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दादा म्हणाला, "तिथेच जायचं नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी त्या वाटेने परत आत जातं. लाट फुटत नाही म्हणून ते शांत दिसतं, पण ओढ तिथेच असते. सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका. तरंगत राहा, हात वर करा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीबाहेर या."

मग वाळूतच पोटावर झोपणं, छातीशी हात टेकून झटकन उभं राहणं असा सराव झाला. पाण्यात दादा कमरेइतक्या खोलीत फळी धरून उभा राहिला. लाट जवळ आली की नेमक्या वेळी ढकलायचा. लेक नऊ वेळा पडली. दहाव्यांदा दोन-तीन सेकंद उभी राहिली आणि ओरडली, "आई, बघ!" माझ्या छातीत धडधडत होतं, पण तिचा पाय फळीला दोरीने बांधलेला होता आणि शिकवणारा हातभर अंतरावर होता. पालक म्हणून मला तेवढं पुरेसं वाटलं.

सुट्टीनंतर वर्गात मी एक उपक्रम सुरू केला. भिंतीवर दिनदर्शिका लावली. रोज एक मूल तिथी वाचतं आणि सगळे मिळून पाऊणकी लावतात. पंचमी? पाच पाऊण पावणेचार. अष्टमी? आठ पाऊण सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, तीही मुलं सांगतात. अपूर्णांकाचा गुणाकार आणि परिसर अभ्यास एकाच वेळी होतो. मग फळ्यावर किनाऱ्याचं चित्र काढून मी विचारते, "यात धोक्याची जागा कुठली?" पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांनी उंच लाटेवर बोट ठेवलं. आता हात शांत पट्ट्याकडे जातात.

पालकांनो, मुलांना एकटं पाण्यात सोडा असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात तर मुळीच नाही. पण एखाद्या रविवारी ओहोटीला त्यांचा हात धरून अर्नाळ्याला, राजोडीला न्या. वाळूत बसा आणि लाटा कुठे फुटतात, पाणी कुठून परत जातं, हे त्यांना शोधू द्या. निघण्याआधी तिथी बघून वेळ मात्र त्यांनाच काढायला सांगा.