करमाड टू अमेरिका, व्हाया सातबारा

जालना रोडवर चिकलठाणा विमानतळ मागे पडतं, शेंद्र्याची एमआयडीसी संपते आणि करमाड येतं. माझ्या मित्राचं गाव. तो अमेरिकेत, आणि काका-काकूंच्या टुरिस्ट व्हिसाचा फॉर्म भरायची ड्युटी माझी! डीएस-१६०, माणशी १८५ डॉलर फी, बोटांचे ठसे, मग मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. नकार आला तर फी बुडते. काकूंना त्याचं नाही, नातीचं टेन्शन. दीड वर्षाची झाली, अजून फक्त मोबाइलवरच पाहिलीय.

मित्राने आमंत्रणपत्र आणि सॅलरी स्लिप पाठवल्या होत्या. काका त्यावरच निर्धास्त. पण फंडा वेगळाय, बॉस! आमंत्रणपत्र सक्तीचं नाहीच. तिकडचा कायदा धरून चालतो की पाहुणा तिथेच राहणार. परत येणार, हे आपणच पटवायचं.

"काका, परत कशाला येणार, असं विचारलं तर?"

काका शेताकडे बघत म्हणाले, "अगं, मृगात पेरायचं कोणी मग?"

"बस्स, हेच सांगा. मराठीतच."

काकांनी लगेच सातबारा काढून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला. साहेब कागद बघेलच असं नाही. उत्तर मात्र नक्की ऐकेल.