पी हळद, हो गोरी

पिवळा रंग वाईट असू शकतो हे मनाला पटत नाही. आपल्याकडे पिवळं म्हणजे खंडोबाचा भंडारा, नवरीची साडी, आश्विनात पिकलेलं भात. फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’त (1925) मात्र गॅट्सबीची पिवळी मोटार एका बाईचा जीव घेते. त्याची डेझी पांढऱ्या कपड्यांतली, पिढीजात श्रीमंत. गरीब शेतकऱ्याच्या या पोरानं तिच्यासाठी चोरट्या दारूचा धंदा केला, वाडा घेतला, ती भेटायला आली त्या दिवशी सोनेरी टाय बांधला. पिवळं पिऊन पांढरं व्हायला निघालेला माणूस. आमच्याकडच्या कुठल्याही आजीनं त्याची कथा चार शब्दांत सांगितली असती: पी हळद, हो गोरी.

शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीत ती कादंबरी वाचल्यापासून ही म्हण डोक्यातून जात नाही. उतावळेपणाला हसणारी म्हण, असं आपण शिकतो. पण हळद पिण्यात वाईट काय आहे? खोकला झाला की दुधातून पितोच. मग चूक कुठे, गोरी व्हायच्या इच्छेत? आणि गोरं असल्याशिवाय किंमत नाही, हे त्या पोरीला सांगितलं कुणी? म्हण तिला हसते, सांगणाऱ्याला सोडून देते. कादंबरीतही तसंच होतं. गाडी डेझी चालवत होती. आळ गॅट्सबीवर येतो, मरतोही तोच, आणि ती नवऱ्यासोबत निघून जाते. अपघाताच्या जागी धावलेला शेजारी तर पोलिसाला गाडीचा रंग आधी फिकट हिरवा सांगतो.

गॅट्सबीचा पैसा दारूतून आला, आमच्या शहापूर-मुरबाडकडे तो जमिनीतून आला. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला. त्याआधीपासून फार्महाऊसवाले फिरतच होते. भाताच्या खाचरांत प्लॉटचे दगड रोवले गेले. हळदीची रात्र लग्नाहून मोठी झाली. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीच्या धवल्यांवर डीजेचा आवाज चढला, मटणाच्या पंगती उठू लागल्या. याला नासणं म्हणावं असं वाटतं, पण जीभ अडते. ज्याच्या बापानं खावटी काढून पावसाळे काढले, त्याला एका रात्री सगळं गाव पोटभर जेवू घालावंसं वाटलं, तर त्यात हाव किती आणि आनंद किती, हे बाहेरून कसं ठरवायचं?

हळदीतली एक गोष्ट मला फार आवडते. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीच्या घरी जाते. हळदीतला पिवळा रंग वाटून घ्यायचा असतो. मग जमिनीचा पैसा येतो तेव्हा त्याच अंगणात बहिणीपुढे हक्कसोडपत्र का ठेवलं जातं? 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी ती सही करते. भाऊबीजेला माहेरचं दार उघडं राहावं म्हणून करते, आणि तिच्यावर कुणी बळजबरी केली असंही म्हणता येत नाही.

मला राग येतो तो इथे. पैशानं भावाचं मन फिरवलं, असं मी म्हणत आलो. पण जमिनीला भाव नव्हता तेव्हा त्या बहिणीला कुणी विचारलं होतं? ती नांदायला गेली आणि शेताच्या बोलण्यातून तिचं नाव गेलं. त्याला आपण रीत म्हणत होतो. विक्री आली म्हणून सातबारा काढला, वारस लागले, तिला निरोप गेला. तिचा हिस्सा आहे हे आमच्या घरांनी तोंडानं कबूल केलं ते गिऱ्हाईक दारात आल्यावर. मग त्या पैशानं नातं बिघडवलं म्हणू, की आधीपासून बिघडलेलं होतं ते त्यानं पहिल्यांदा कागदावर आणलं? आणि काही बहिणी आता सही करायला नाही म्हणतात, त्यांनाही गाव पैशानं बिघडलेल्याच म्हणतं. त्या बाबतीत तरी गाव चुकतंय, एवढं मला वाटतं. भावांबद्दल मात्र पूर्वीसारखं ठामपणे बोलता येत नाही.