सिरपूरची बाभूळ

इंदूरच्या धार रस्त्यावरील सिरपूर तलाव २०२२ साली रामसर यादीत आला. पक्षी पाहावयास आम्ही उभयता तेथे गेलो आणि काठच्या बाभळीपाशी रेंगाळलो. जोडीजोडीने फुटलेले सरळ पांढरे काटे, पिवळ्या फुलांचे गोल गेंद, बियांमध्ये आवळल्याने मण्यांच्या माळेसारखी दिसणारी शेंग. ही तिची ओळख. १७५३ साली लिनियसने तिला नाईल नदीवरून नाव दिले. तरी आफ्रिकेप्रमाणेच भारतही तिचे मूळ घर. विलायती बाभूळ मात्र अमेरिकेची. तिची फुले लांबट तुऱ्यात येतात. उपद्रवी म्हणून ती तोडली जाते आणि ओळख नसेल तर कुऱ्हाड डिंक देणाऱ्या, शेळ्यांना शेंगा पुरविणाऱ्या आपल्या बाभळीवरही पडते. वाचकहो, आधी फूल पाहावे, मग झाडाला नाव द्यावे.