अम्मींचा खलबत्ता आणि 29 डबे

सोलापूरच्या स्वयंपाकघरात गॅस आला, मिक्सर आला, तरी एका गोष्टीसाठी लोखंडी खलबत्ता लागतोच. ती म्हणजे शेंगा चटणी. भाजून सोललेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ, एवढंच साहित्य. पण ते कुटावं लागतं. मिक्सरचं पातं दाण्याचं आधी पीठ करतं, आणि जरा जास्त फिरलं की तापून त्याचा लगदा. खलबत्त्यात दाणा चेपला जातो, तेल सुटतं, तरी चटणी भुग्यासारखी मोकळी राहते. आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, मिक्सरच्या चटणीला मलम म्हणतात. “ये जखम पे लगाने की है क्या गे?”

खरं तर आमच्या घरात जेवणाला नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे. हजरत मुहम्मद (स.) यांनी कधीही अन्नाला नाव ठेवलं नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर राहू दिलं, ही हदीस अम्मींनीच मुलांना शिकवली. त्यामुळे भाजी कशी झाली हे आमच्या ह्यांना विचारून काही उपयोग नसतो. ताटात किती उरलं ते बघावं आणि समजावं. मलम शब्दाबद्दल मी एकदा अम्मींना टोकलं, तर म्हणाल्या, मी चटणीला नाही, मशीनला नाव ठेवते. ही पळवाट मला पटलेली नाही, पण सासूबाईंशी कोण वाद घालणार?

जुनं घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आलो, तेव्हा अम्मींनी तीन वस्तू सोडल्या नाहीत: खलबत्ता, लाकडी काठवट आणि तांब्याची मोठी देगची. खलबत्त्यावरून पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. खालच्या मजल्यावर पद्मशाली कुटुंब आहे. त्या घरातले काका यंत्रमागावर रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. अक्का वर आल्या. भांडायला नाही, फक्त विचारायला, की तुम्ही कितीला कुटता? काका चारला उठतात, असं त्या म्हणाल्या. मग साडेचारची वेळ ठरली आणि खलबत्त्याखाली जुनी सोलापुरी चादर आठ घड्या घालून ठेवायची असंही ठरलं. ही चादर आवाज किती खाते ते कुटून बघितल्याशिवाय कळायचं नाही. अक्कांनी जाताना हळूच सांगितलं, वास खाली येतो, एक वाटी पाठवत जा.

2025 च्या रमजानच्या आधी डॉक्टरांनी अम्मींना रोजा ठेवायला मना केलं. साखर बरीच वर्षं आहे, आता दोन वेळा इन्शुलिन घ्यावं लागतं, आणि मार्चमध्ये सोलापूरचं ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको. साठ-बासष्ट वर्षांत बाळंतपणं आणि आजार सोडले तर त्यांनी रोजा सोडला नव्हता, आणि सुटलेले रोजे नंतर भरून काढले होते. आता भरून काढायची आशाही नव्हती. त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. जेवण पुढे ठेवलं की दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. इन्शुलिन घेतलेल्या माणसाने असं करून चालत नाही, त्यामुळे मला घोर लागला.

कुरआनात अशा माणसासाठी फिदिया सांगितला आहे: जो रोजा ठेवूच शकत नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजू माणसाला जेवू घालावं. ह्यांनी मौलानांना विचारून महिन्याची रक्कम काढली आणि पाकिटात घालून अम्मींपुढे ठेवली. अम्मींनी पाकीट परत केलं. “पैसे तुम्हारे, पकाना मेरा,” म्हणाल्या. रोज दोन वेळचं जेवण आपल्या हाताने करून पाठवायचं, असं त्यांचं ठरलं होतं. त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या. मग मी काय बोलणार?

डबा जायचा तो आमच्या जुन्या गल्लीतल्या एका विडी वळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंकडे. एकट्या राहतात, रोजे ठेवतात, कुणाकडे मागत नाहीत. त्यांना फिदिया हा शब्द कळू द्यायचा नाही, अशी अम्मींची मला ताकीद होती. मी सांगायची, अम्मींनी चव बघायला पाठवलंय.

पहिलं काम निघालं देगचीचं. आतली कल्हई उडून तांबं दिसायला लागलं होतं, आणि आमच्याकडे खट्ट्या डाळीत चिंच पडते. उघड्या तांब्यात आंबट शिजवणं म्हणजे विषाशी खेळ. अम्मींना दुसऱ्या भांड्यातली डाळ पसंत नाही. कल्हईवाला शोधायला मला तीन दुकानं विचारावी लागली. पण काम बघण्यासारखं असतं. भांडं भट्टीवर तापवून नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो आणि तांब्यावरचा मळ सुटतो. मग कथलाची कांडी आत टेकवायची. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे धातूंमध्ये तसं लवकरच. कापसाच्या बोळ्याने ते फिरवलं की काळं भांडं क्षणात चांदीसारखं होतं. माझा धाकटा ते बघून टाळ्या वाजवायला लागला.

आता राहिली भाकरी. सेहरीसाठी कडक भाकरी बरी, असं अम्मींनी काढलं. एकदा करून ठेवली की कितीतरी दिवस टिकते, पहाटे चूल पेटवायला नको. पण पहिल्या दिवशीच्या कडक भाकऱ्या डब्यात तशाच परत आल्या. बाईंना दातच नाहीत, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी चुरून, डाळ वेगळी दिली; डाळीत दहा मिनिटं भिजली की मऊ होते. संध्याकाळसाठी ताजी भाकरी. मालदांडी ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यानेच पीठ धरतं आणि भाकरीच्या कडा फाटत नाहीत. अम्मींचे हात थरथरतात. थापताना भाकरी गोल होईना, तेव्हा त्या म्हणाल्या, नकाशा झाला तरी भाकरी भाकरीच.

दर चौथ्या दिवशी साडेचारला चादर अंथरून खलबत्ता चालायचा. अम्मी पाटावर बसून वीसेक घाव घालायच्या, दमल्या की मी. एकदा अक्का वर आल्या आणि बत्ता हातात घेऊन उरलेलं सगळं कुटून गेल्या. काका उठलेच होते.

सहा वाजता डबा निघायचा. विजापूर वेशीतल्या रमजानच्या गर्दीतून स्कूटर काढणं हा एक वेगळा लेख होईल. बाईंकडून कालचा डबा परत यायचा तो कधी रिकामा नाही. चार लिंबं, कढीपत्त्याची डहाळी, एकदा मूठभर सब्जा. विडीच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईने लिंबं विकत घ्यावीत हे मला बरं वाटेना. अम्मींना म्हटलं, त्यांना नको म्हणून सांगू का? अम्मींनी लिंबं मोजली, फ्रिजमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, “चुप बैठ. वो भी घरवाली है.”

30 मार्चला संध्याकाळी चाँद दिसला आणि रोजे 29 झाले. म्हणजे फिदियाचे डबेही 29 च. तिसाव्यासाठी अम्मींनी आदल्या दिवशीच चटणी कुटून ठेवली होती. हे म्हणाले, हिशोब पूर्ण झाला, आता नको. अम्मींनी चटणी बरणीत भरली, वर शीरखुर्म्याचा डबा ठेवला आणि ईदच्या सकाळी नमाजहून आलेल्या ह्यांच्याच हाती दिला.

परत आलेल्या डब्यात बाईंनी धाकट्यासाठी दहाची नोट ठेवली होती. ईदी.