कैद्याचे हस्तलिखित : सवलत की हक्क?

१/ तुरुंगात गेलेल्या माणसाजवळ काय उरते? शासनाने कृपा म्हणून दिलेल्या सवलती, की कायद्याने काढून न घेतलेले सारे हक्क? एका मराठी पुस्तकामुळे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

२/ १९६२ च्या चीन युद्धात आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण नियम लागू झाले. त्या नियमांखाली कम्युनिस्ट नेते प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे शासनाच्याच परवानगीने त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे पुस्तक लिहिले. विषय मूलकणांचा, निव्वळ विज्ञानाचा.

३/ सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. २७ मार्च १९६५ रोजी शासनाने ती नाकारली. आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांनीही नकार दिला. संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. शासनाने अपील केले.

४/ शासनाचे म्हणणे असे : स्थानबद्धाला नियमांत नमूद असतील तेवढ्याच सवलती मिळतात. पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत नियमांत नाही. म्हणून तसा हक्कही नाही. शिवाय आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाचे दार बंद आहे.

५/ न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालाने हा युक्तिवाद उलटा केला. स्थानबद्धतेच्या अटी ही सवलतींची नव्हे, तर स्वातंत्र्यावरील बंधनांची यादी आहे. जे बंधन त्या यादीत नाही, ते अधिकाऱ्याला आपल्या मर्जीने घालता येत नाही. न्यायालयाचे दार बंद झाले होते ते कायद्याखाली घातलेल्या बंधनांपुरते. ही मनाई कायद्याबाहेरची होती. अपील फेटाळले गेले.

६/ निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोर आघाडी उघडली. राष्ट्र युद्धात असतानाही एका स्थानबद्धाच्या वहीला न्याय मिळाला.

७/ बुलढाण्याच्या जिल्हा कारागृहापासून आर्थर रोडपर्यंत हा प्रश्न आजही जिवंत आहे. महाराष्ट्रात पॅरोल व फर्लो यांचे नियम १९५९ चे. फर्लो हा निरपवाद हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. तुरुंगातून काही काळ घरी जाणे आणि पुस्तक बाहेर पाठवणे या गोष्टी एक नव्हेत. तरी अर्ज नाकारला गेल्यावर ‘हा नकार कोणत्या नियमात बसतो?’ असे विचारण्याची वाट त्या हस्तलिखिताने मळवून ठेवली आहे.